विमानाचा पाय, म्हणजे चाकं धरणारा लँडिंग गिअर, नेमका मोडतो कधी?

ओझरची धावपट्टी तीन किलोमीटरची. मिग काय, सुखोई काय, डोक्यावरून जाताना बघतच आपण नाशिककर मोठे झालो, त्यामुळे विमान उतरायचं म्हणजे डांबर, दिवे, टॉवर सगळं लागणारच असं आपल्याला वाटतं.

आता अलास्का बघा. तिथल्या कित्येक गावांना रस्ताच नाहीये, मग छोटी विमानं सरळ नदीपात्रातल्या गोट्यांवर उतरतात. त्यातलं लाडकं म्हणजे पायपर सुपर कब, १९४९ चं मॉडेल, दोन सीट एकामागे एक, रिकामं वजन साडेचारशे किलोच्या आसपास, आणि हे बेणं शंभर-सव्वाशे मीटरात थांबतं.

पुढचे दोन पाय स्टीलच्या नळ्यांचे, पोटाखाली बिजागरीवर बसवलेले, आणि ते फाकू नयेत म्हणून बंजी. बाईकच्या कॅरिअरला आपण रबरी दोरी बांधतो ना, तसलंच प्रकरण, फक्त जाडजूड रिंग. वय झालं, ऑईल लागलं की हे रबर ढिलं पडतं आणि वरून कव्हर असतं, त्यामुळे दिसत काहीच नाही. बंजी तुटली की पाय फाकतो, विमान एका अंगावर बसतं, पंख जमिनीला घासतो. म्हणून शहाणे पायलट जोडीला स्टीलची सेफ्टी केबल टाकतात, विमानाच्या किमतीपुढे तिचा खर्च तो काय, तरी टाळणारे टाळतातच.

सेसना १८० या दुसऱ्या छोट्या विमानाला बंजीची भानगड नाही. सपाट स्प्रिंग स्टीलचा पाय, ही आयडिया अमेरिकन विमान डिझायनर स्टीव्ह विटमन यांची. पण चाक ज्यावर फिरतं तो अ‍ॅक्सल शेवटी बोल्टांवरच.

आणि बोल्ट तुटतो कसा, ते बघायला आम्ही सातपूरला एका टर्नर मामांकडे गेलो. बोल्ट विमानाचा नाही हं, कांद्याच्या ट्रॉलीचा, पण तुटायची तऱ्हा तीच. मामांनी तुटलेलं तोंड चिंधीनं पुसलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "हा आज नाही तुटला रे. ही कड बघ, काळी पडलीय, ही चीर जुनी. हे दाणेदार चमकतंय ना, तेवढंच आज गेलं." पाऊण तोंड काळं होतं!

म्हणजे शेवटचं लँडिंग गुळगुळीत झालं तरी पाय जाऊ शकतो, कारण चीर आधीच्या कुठल्यातरी आदळआपटीत पडलेली असते आणि पायलट मात्र म्हणत बसतो की मी तर हळूच टेकवलं होतं. त्यात ३१ इंची कमी हवेचे टायर, ते दगड गिळतात हे खरं, पण चाक जेवढं मोठं तेवढा पायाला पीळ जास्त, आणि असले टायर लावले की माणूस नको तिथेही उतरायला बघतो, हे माझं मत.

पाय गेला की बऱ्याचदा पंखाही जमिनीला लागतो. इंजिनवरचा पंखा म्हणतोय मी. पातं वाकलेलं दिसतं, पण तो झटका आत क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यापर्यंत, गेलेला असू शकतो, त्यामुळे इंजिन उघडून तपासल्याशिवाय भरवसा नाही. मदत मागायला इमर्जन्सी ट्रान्समीटर असतो, तो ४०६ मेगाहर्ट्झचा हवा. जुना १२१.५ वाला १ फेब्रुवारी २००९ पासून सॅटेलाइट ऐकतच नाहीत, वरून एखादं विमान गेलं आणि त्यानं ऐकलं तर नशीब.

मग सुरू होतो जुगाड. मोडक्या पायाला लाकडाचा ओंडका, रॅचेट पट्टा, जे हाताशी असेल ते. हवेत पायावर भार नसतो, त्यामुळे या बांधकामाला एक टेकऑफ आणि एक लँडिंग एवढंच पेलायचं असतं, अर्थात उडायच्या आधी परवानगी लागतेच.

तेही जमणार नसेल तर हेलिकॉप्टरखाली लटकवून न्यायचं. तेव्हा पंखांवर लाकडी पट्ट्या बांधतात, कारण वारा लागला की हे लटकलेलं विमान स्वतःच उडायला बघतं आणि वरच्या पायलटची फेफे उडते.