सहासष्टचा की आत्ताचा?

(दृश्य: गॅरेज. टेबलावर गिटारचे दोन अँप, म्हणजे अँप्लिफायर, दोन्ही कॅमेऱ्याकडे पाठ करून.)

समोरून पाहिलं तर या दोघांत फरक सांगता येणार नाही. तीच काळी पाटी, तीच पांढरी अक्षरं, तेच चंदेरी जाळीचं कापड. दोन्ही फेंडर डीलक्स रिव्हर्ब. २२ वॉट, १२ इंची एक स्पीकर, वजन साधारण १९ किलो. म्हणून आम्ही दोघांना पाठमोरंच ठेवलंय.

डावीकडचा १९६६ सालचा. उजवीकडची त्याचीच नवी आवृत्ती, 'रीइश्यू' म्हणतात ती. कंपनीने ती १९९३ पासून बाजारात आणली. माझा मावसभाऊ इथे कॅलिफोर्नियात, ऑरेंज काउंटीत राहतो. मंडळाच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा असतो, त्यात गिटार वाजवतो. त्याला यातला एकच घ्यायचाय. जुन्याची किंमत विकणाऱ्याने सांगितली ती नव्याच्या जवळजवळ दुप्पट. नवा एका मित्राचा, दिवसभरासाठी मागून आणलेला. आणि हे गॅरेज ज्याचं, तो मेकॅनिक चाळीस वर्षं व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे, अँप उघडतोय.

(दृश्य: स्क्रू निघतात. चॅसी बाहेर सरकते.)

मागचं फळकुट निघालं. वरचे चार स्क्रू काढले की चॅसी, म्हणजे सगळं सर्किट बसवलेला पत्र्याचा सांगाडा, पाठीमागून अलगद बाहेर येते. प्लग केव्हाच काढलाय, तरी मेकॅनिकचा डावा हात खिशात आहे, तो पाहा. विजेचा रस्ता एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून जाऊ नये, म्हणून. अँप चालू असताना आत ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि मोठे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, तो प्लग काढल्यावरही धरून ठेवू शकतात. मीटरवर आकडा अजून तीनशेच्या वर आहे. आता तो रेझिस्टर लावलेला चिमटा टेकवतोय. दोनशे... ऐंशी... बारा... शून्य. हे घरी कुणीही करून पाहू नये.

आता आत बघा.

काळ्या फायबरची एक लांब पट्टी. तिच्यावर ओळीने पितळी रिंगा, बुटाच्या नाडीला असतात तशा. प्रत्येक रिंगेत दोन-तीन भागांची टोकं येऊन बसलीयत आणि वरून सोल्डरचा थेंब. वायरींना प्लॅस्टिक नाही, मेण लावलेलं सुती वेष्टण आहे; बोटाने मागे ढकललं की तांबं उघडं होतं, सोलावं लागत नाही. निळे कंडेन्सर, तपकिरी रेझिस्टर. कुठला भाग कुठे जातो, ते डोळ्यांनी वाचता येतं. खराब झालेला भाग काढायचा तर त्या एका रिंगेवर सोल्डरगन टेकवा, टोक वर उचला. बाकी कशाला हात लावायचा नाही.

हे असं का आहे, ते कंपनी काढणाऱ्या लिओ फेंडरचा धंदा लक्षात घेतला की कळतं. इथून जवळच, फुलरटन गावात, १९३८ साली त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. दुसऱ्यांनी बनवलेले बंद पडलेले रेडिओ उघडण्यात त्याची वर्षं गेली होती. एखादा भाग पोचायलाच अवघड अशा जागी बसवलेला असला, तर दुरुस्त करणाऱ्याचा किती वेळ जातो, हे त्याला ठाऊक होतं. अँप त्याने बनवले ते पुढे कधीतरी उघडले जाणार, हे धरूनच.

(दृश्य: चॅसीचा कोपरा, अगदी जवळून.)

कोपऱ्यात मास्किंग टेपचा तुकडा आहे, पिवळा पडलेला. त्यावर पेनने एका बाईचं नाव. आडनाव नाही. फुलरटनच्या कारखान्यात हे वायरिंग मुख्यतः स्त्रिया करत, त्यांत मेक्सिकन वंशाच्या पुष्कळ होत्या. आपलं काम झालं की आपल्या नावाची टेप चिकटवायची आणि चॅसी पुढे पाठवायची. कॅमेरा थोडा वेळ इथेच राहू दे.

आता मेकॅनिक भिंग घेऊन आकडे वाचतोय. जुना अँप घेणाऱ्याने हे शिकून घ्यावंच, कारण 'सगळं ओरिजिनल आहे' असं प्रत्येकच विकणारा सांगतो. व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरच्या, पाठीवर १३७-६६१७. १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ६६ साल, सतरावा आठवडा: एप्रिलची अखेर. ट्रान्सफॉर्मरवर ६०६-६-२१. शूमाखर कंपनी, ६६ साल, एकविसावा आठवडा: मे. स्पीकरच्या सांगाड्यावर ४६५-६२८. ऑक्सफर्ड, जुलैचा मध्य. आणि पेटीच्या आत चिकटवलेल्या व्हॉल्व्हच्या तक्त्यावर दोन अक्षरांचा शिक्का, पी आणि एच. पी म्हणजे १९६६, एच म्हणजे आठवा महिना. एप्रिल, मे, जुलै, ऑगस्ट. भाग येत गेले आणि ऑगस्टमध्ये अँप उभा राहिला. कुठे सांधा निखळलेला नाही.

एक गोष्ट मात्र निघालीच. स्पीकरचा सांगाडा जुना, पण कागदी कोन नवा आहे. कडेचा डिंक ताजा दिसतो. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. आवाजाच्या दृष्टीने यात काही वाईट नाही, पण किमतीच्या दृष्टीने बोलायला जागा झाली.

त्याच तक्त्यावर छापलंय, ए-बी-७६३. सर्किटचा नंबर. ७६३ म्हणजे १९६३ सालचा सातवा महिना. फेंडरने जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली, १ कोटी ३० लाख डॉलरला, आणि त्याच्या आधीचा तो खरा, नंतरचा खोटा, अशी भाषा तेव्हापासून चालत आलीय. हा अँप विक्रीनंतरचा आहे. सर्किट तेच, पट्टी तीच, वायरिंग करणारे हातही बहुधा तेच. सालाला भुलून हजार-पाचशे डॉलर जास्त मोजू नयेत, असं मला मनापासून वाटतं. १९६८ पासून पुढची पाटी चंदेरी झाली, ते अँप तर आणखी स्वस्तात मिळतात आणि डीलक्स रिव्हर्बच्या बाबतीत आत फार काही बदललेलं नाही.

(दृश्य: टेबलावर एक लहान काळी नळी, ब्लेडने उभी चिरलेली.)

हा भाग दुसऱ्या एका अँपमधून निघालेला, निकामी. एरवी तो असा उघडा बघायला मिळत नाही. आत निऑनचा इवलासा दिवा आणि त्याच्यासमोर प्रकाश पडला की रेझिस्टन्स कमी होणारी एक टिकली. दिवा लागला की आवाज दबतो, विझला की मोकळा होतो. व्हायब्रेटोची, म्हणजे आवाज लहान-मोठा होण्याची, ती लाट म्हणजे अंधाऱ्या नळीत लुकलुकणारा हा दिवा. आणि हे खाली पेटीच्या तळाशी रिव्हर्बच्या, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या, स्प्रिंगा. हलवल्या की असा गडगडाट होतो.

जुन्यात काय करावं लागणार? मोठे कंडेन्सर सगळे बदलायचे; इतक्या वर्षांत आतलं रसायन सुकतं. दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची, अर्थिंगसकट. आणि हा एक कंडेन्सर, विजेच्या वायरीपासून थेट चॅसीला जोडलेला, तो काढून टाकायचा. मेकॅनिक लोक याला 'डेथ कॅप' म्हणतात. हा शॉर्ट झाला तर चॅसीत १२० व्होल्ट येतात, चॅसीतून गिटारच्या तारांत, आणि तारा वाजवणाऱ्याच्या बोटांखाली. इथे किमतीचा विचारच नको. विकत घेतलेला जुना अँप आधी मेकॅनिककडे, मग घरी.

(दृश्य: दुसरा अँप उघडतो.)

आता नवा. आत एक छापील सर्किट बोर्ड, स्वच्छ, एकसारखा. सर्किट त्याच ए-बी-७६३ वरून घेतलेलं. तीन पिनांचा प्लग, नवे कंडेन्सर, दुकानातून घेतला तर गॅरंटी. याला नावं ठेवायची नाहीत. जगभर लोक यावर रोज कार्यक्रम करतात. पण व्हॉल्व्हचे सॉकेट बोर्डवरच सोल्डर केलेत, त्यामुळे व्हॉल्व्हची उष्णता थेट बोर्डात उतरते. आणि एक भाग बदलायचा तर काय करावं लागतं, ते आम्ही मुद्दाम मध्ये कुठेही कट न करता चित्रित केलंय. पुढची सगळी बटणं काढली. प्रत्येक पॉटचं नट सोडवलं. जॅकची नटं सोडवली. मग बोर्ड उलटा केला, तेव्हा कुठे सोल्डरची बाजू दिसली. मघाशी एका रिंगेवर जे झालं असतं, त्याला इथे पाऊण तास लागला. हाताने वायरिंग केलेलीही नवी आवृत्ती कंपनी काढते, ती याहून बरीच महाग.

(दृश्य: दोन्ही अँप जोडलेले. मावसभाऊ, गिटार, खुर्ची.)

तीच गिटार, तीच वायर, दोन्हीकडे व्हॉल्यूम चारवर. आधी नवा, मग जुना. मी बोलत नाही.

(पन्नास सेकंद, निवेदन नाही.)

नवा वरच्या पट्टीत जरा टोकदार आहे. त्यातला मोठा वाटा नव्या करकरीत स्पीकरचा, असं मेकॅनिकचं मत, आणि ते मला पटतं. नुसत्या आवाजासाठी कुणी दुप्पट पैसे मोजावेत, असं मी म्हणणार नाही.

मावसभावाने जुना घेतला. कोनचा मुद्दा काढल्यावर किंमत थोडी उतरली. कंडेन्सर, प्लग आणि मजुरीचा खर्च वेगळा. दोन वर्षांनी पुण्याला परतायचा विचार आहे, तिथे २३० व्होल्ट, म्हणजे मध्ये दाब कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आला, आणि अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला अँपचा ट्रान्सफॉर्मर ५० वर थोडा जास्त तापणार. हे सगळं त्याला सांगून झालंय.

(दृश्य: पुढच्या शनिवारी, तेच टेबल.)

नवे कंडेन्सर बसले. मीटर लावून एकेक व्होल्टेज तपासून झालं. चॅसी बंद करण्याआधी मेकॅनिकने मास्किंग टेपचा तुकडा फाडला, त्यावर कंडेन्सर बदलल्याची तारीख लिहिली आणि तो कोपऱ्यात, त्या बाईच्या नावाच्या खाली चिकटवला. पुढे कधीतरी जो कुणी उघडेल, त्याच्यासाठी.

चार स्क्रू. मागचं फळकुट.