रंग तेवढाच, साखर थोडी

(दृश्य : पॅकहाऊस. लांब टेबल, दोन्ही बाजूंना बायका, हातात कात्र्या.)

निफाड तालुका. फेब्रुवारी निम्मा सरलाय, द्राक्षाचा हंगाम ऐन भरात आहे. घड हातात येतो, उलटा धरला जातो, कात्रीचं टोक आत शिरतं. बारका मणी, डागी मणी, तडकलेला मणी टपाटप खाली पडतो. परदेशी जाणाऱ्या डब्यात एकसारख्या मण्यांचाच घड बसतो. बाकीचे टेबलाखालच्या क्रेटमध्ये जातात.

आपली गोष्ट या क्रेटमधल्या मण्यांची आहे. तडकलेले, डागी निवडून टाकले की मागे उरतात ते फक्त आकाराने लहान, नाहीतर देठातून सुटलेले. चवीत त्यांच्यात काही कमी नाही.

(दृश्य : बागायतदाराच्या हातातला रिफ्रॅक्टोमीटर, अगदी जवळून.)

एक मणी चिमटीत दाबला. रसाचा थेंब काचेवर पडला. झाकण खाली केलं, नळी उजेडाकडे धरली. आत निळा भाग आणि पांढरा भाग जिथे मिळतात, तिथला आकडा वाचायचा. आज तो आहे १८. शेतकरी याला ब्रिक्स म्हणतात. १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम विरघळलेले घटक, आणि त्यातली बहुतेक साखरच : ग्लुकोज आणि फ्रुक्टोज.

इतक्या गोड फळावर आणखी साखरेचं कवच का चढवायचं?

(दृश्य : मुलाच्या हातातला मोबाइल. पडद्यावर निळी, गुलाबी, जांभळी द्राक्षं.)

मुलांनी हे पाहिलंय. ओल्या द्राक्षांवर जेलीची पावडर टाकायची, डबा हलवायचा आणि गोठवायचं. नाहीतर काडीला फळं टोचून कडक पाकात बुडवायची, वर काचेसारखं कवच. ही दुसरी तऱ्हा मूळची उत्तर चीनमधली. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर थांगहुलू मिळतं, लाल, आंबट शानझा फळांची काडी. तिथलं फळ मुळात आंबट आणि हवा गोठवणारी, म्हणून ते कवच त्या फळाला शोभतं. पुढे ही काडी कोरियात गेली, तिथून मोबाइलवर आली आणि वाटेत आंबट फळाच्या जागी द्राक्षं, स्ट्रॉबेरी, संत्री अशी गोड फळं बसली. साखर मात्र तेवढीच राहिली.

(दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. जेलीच्या पावडरीचं पाकीट उलटं केलेलं.)

घरातल्या वहिनींनी पाकीट उलटं केलं. मागे बारीक अक्षरात घटक छापलेत. आपल्याकडे ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. इथे पहिला शब्द आहे साखर. शेवटी रंगांचे क्रमांक. १०२ म्हणजे टार्ट्राझिन, पिवळा. १२२ म्हणजे कार्मोइसिन, लाल. १३३ म्हणजे ब्रिलियंट ब्लू. हे तिन्ही रंग कायद्याने ठरलेल्या प्रमाणात वापरायला परवानगी आहे. पण मळ्यात, परसात, वाण्याकडे एवढे रंग असताना ते पाकिटातून आणायचे, हे वहिनींना पटत नाही. आम्हालाही पटलं नाही, म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन इथे आलो.

(दृश्य : गच्ची. पांढऱ्या धोतरावर वाळत घातलेल्या चकत्या आणि पाकळ्या.)

बीट सोलून, कागदासारख्या पातळ चकत्या करून उन्हात टाकलंय. पलीकडे गोकर्णीची निळी फुलं, ती मात्र सावलीत, उन्हात निळाई उडते. ताटात कोकणातून आलेली कोकमाची साल आहे, बिनमिठाची मागवलेली. आमसूल घेतलं तर खारट होतं. आमचूर वाण्याकडचं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या फोडी मंद ओव्हनमध्ये तासन्‌तास ठेवून कुरकुरीत केल्यात.

बोटांत धरून मोडल्यावर चकती कट्‌कन तुटली पाहिजे. वाकली तर आत ओल आहे, आणि ओल असली की मिक्सरमध्ये पावडर होत नाही, लगदा होतो. वहिनी एक चकती कानाशी धरून मोडतात. आवाज ऐका.

(आवाज. निवेदन थांबते.)

प्रत्येक रंग वेगळा दळायचा, मलमलच्या फडक्यातून चाळायचा आणि कोरड्या बरणीत भरायचा. फळांची पावडर हवेतलं पाणी फार लवकर ओढते, त्यामुळे प्रत्येक बरणीत भाजलेल्या तांदळाच्या पिठीची चिमूट घातलीय. पावडर मोकळी राहते.

आता प्रमाण. अर्धा किलो मण्यांना दोन मोठे चमचे पावडर पुरते. त्यात दोन सपाट छोटे चमचे पिठीसाखर. हो, साखर आहे. ती अजिबात नसली तर जिभेला आधी नुसता आंबटपणा आणि बिटाचा मातकट वास लागतो, आणि मुलं पहिल्याच मण्याला ताट सरकवतात. वहिनींनी साखर काढली नाही, मापात आणली. छोटा चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम. अर्ध्या किलोला ८ ग्रॅमच्या आसपास, आणि ते घरातल्या सगळ्यांत वाटलं जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी सुद्धा वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं सुचवते. अख्ख्या फळात असलेली साखर या हिशेबात धरत नाहीत.

(दृश्य : परातीत कोमट पाणी, त्यात मणी. हात.)

ही पायरी व्हिडिओंमध्ये कोणी दाखवत नाही. द्राक्षाच्या मण्यावर पांढुरका, मेणचट थर असतो. निसर्गानेच दिलेला, पाणी त्यावर टिकत नाही, घरंगळतं. पावडरही घरंगळते. म्हणून मणी कोमट पाण्यात, चिमूटभर खायच्या सोड्यात, दोन्ही हातांनी हलके चोळायचे. वरचा धुरकटपणा जातो आणि साल चकाकायला लागते. मग साध्या पाण्यातून काढून सुती पंचावर पसरायचे. पंचाची चारही टोकं धरून झोका दिला की मणी सगळ्या बाजूंनी कोरडे होतात.

कोरडे का, लगेच ओले तर करायचेच आहेत? ओले करायचेत, पण लिंबाच्या रसाने. अर्धा किलोला एका लहान लिंबाचा रस, जास्त नाही. पाणी मागे राहिलं की पावडर ओघळते आणि तळाशी रंगीत चिखल बसतो.

(दृश्य : काचेचा बाउल. निळी पावडर. वरून मणी पडतात. संथ गतीत.)

आता बघा.

गोकर्णीची पावडर बरणीत होती गडद निळी. लिंबाने ओले झालेले मणी तिच्यात पडले. जिथे मणी टेकला तिथे निळ्याचं जांभळं झालं. बाउल फिरवला. जांभळ्यातून गुलाबीकडे झुकलेली छटा आली, आणि मधेच एखादा निळा ठिपका तसाच राहिला.

गोकर्णीच्या निळाईत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं आहेत. आम्ल लागलं की त्यांचा रंग बदलतो. कोकमाच्या लाल-जांभळ्यातही हीच जात. बिटाचं मात्र निराळं : त्यातला रंग लिंबाने हलत नाही, तो उष्णतेला भितो. म्हणून बीट वाळवायचं, शिजवायचं नाही. पिवळ्या बाउलमध्ये आमचूर आणि हळद, हळद इतकीच की नखावर मावेल. आंबटात हळद पिवळीच राहते. एका परातीत चार रंग झाले, आणि पाचवा हिरवा मण्याचा स्वतःचा, त्याला काही लावलेलं नाही.

मुलगी विचारते, "आई, निळं निळंच ठेवायचं असेल तर?"

"मग लिंबू नको, थोड्याशा पाण्याचा हात लाव. पण आंबट नाही लागणार गं."

तिने दोन्ही करून पाहिलं.

(दृश्य : ताटात सुटे सुटे मांडलेले मणी, फ्रीझरचा दरवाजा.)

मणी एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. एकाच थरात, ताटात, फ्रीझरमध्ये दोन-तीन तास. मण्यात साखर असल्यामुळे तो पाण्यासारखा शून्य अंशाला गोठत नाही, त्याच्याही थोडा खाली गोठतो, आणि आतून दगड न होता बर्फाच्या गोळ्यासारखा भुसभुशीत राहतो. थंडीत जिभेला गोडी कमी जाणवते. त्यामुळे वरचा आंबटपणा आधी लागतो आणि दाताखाली मणी फुटल्यावर १८ ब्रिक्सची गोडी मागून येते. चव अशी दोन टप्प्यांत मिळाली की वरच्या साखरेची उणीव भासत नाही, असं आमचं प्रामाणिक मत झालंय.

(दृश्य : मुलं ताटाभोवती. निवेदन नाही. साधारण वीस सेकंद.)

(दृश्य : लहान उंच पातेलं, पाक उकळतोय.)

तरी थोरल्याला "कट्‌कन फुटणारं" हवंच होतं. ते पाकाशिवाय होत नाही, आणि इथे एक गैरसमज काढायला हवा. पाकात पाणी जास्त घातलं की साखर कमी होते, असं वाटतं. होत नाही. साखर आणि पाणी उकळत राहिलं की पाणी उडत जातं. आपला गोळीबंद पाक येतो तो ११५ ते १२० अंशांच्या आसपास. काचेसारखं कवच हवं असेल तर पाक १५० अंशांपर्यंत न्यावा लागतो, आणि तिथे त्यात पाणी जवळजवळ उरलेलंच नसतं. सुरुवातीला वाटीभर पाणी घाला नाहीतर अर्धी वाटी, कवच साखरेचंच असतं.

गूळ घातला तर? गूळ म्हणजेही बहुतेक साखरच. शिवाय गुळाचं कवच हवेतलं पाणी ओढून लगेच चिकट होतं, काच होत नाही. स्टीव्हियासारखी गोडी देणारी द्रव्यं अशी कवच धरत नाहीत. आयसोमाल्ट, म्हणजे साखरेऐवजी वापरायचं एक गोड द्रव्य, ते धरतं, पण जास्त खाल्लं की पोट बिघडतं. आणि मुलांची गोडाची सवयच जर कमी करायची असेल, तर साखरेच्या जागी दुसरं गोड आणून काय साधलं?

मग उरतं एकच : कवच पातळ करायचं आणि कमी जागेवर द्यायचं.

वहिनी अर्धी वाटी साखर घेतात, त्याच्या निम्मं पाणी. पातेलं अरुंद आणि उंच, म्हणजे थोडा पाकही खोल दिसतो. चमचा अजिबात घालायचा नाही, ढवळलं की साखर पुन्हा दाणेदार होते. बुडबुडे आधी बारीक आणि घाईचे असतात, मग मोठे, जड, सावकाश. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला. बाहेर काढून मोडला. कट्‌. झाला.

(दृश्य : बांबूची काडी, त्यावर तीन मणी. पाकात फक्त खालची बाजू टेकते.)

काडी पूर्ण बुडवायची नाही. आडवी धरून मण्यांची एकच बाजू पाकाला टेकवायची, लगेच उचलायची, मनगट फिरवून थेंब पातेल्यातच निथळू द्यायचा. पाक जितका गरम तितका पातळ, आणि पातळ पाकाचं कवचही पातळ. थंडावलेला पाक जाड बसतो, म्हणून पातेलं मंद आचेवरच. मणी ठणठणीत कोरडे हवेत, लिंबाचा हातसुद्धा नाही. पाण्याचा थेंब राहिला तर पाक उडतो आणि कवच सुटतं. उघड्या राहिलेल्या बाजूला मग बिटाची पावडर. एकीकडे काच, दुसरीकडे रंग.

संक्रांतीचा काटेरी हलवा ज्यांनी घरी केलाय, त्यांच्या हाताला हे जमेल. तिथेही एकदम पाक ओतत नाहीत, चमच्या-चमच्याने देतात आणि बोटांनी फिरवत राहतात. पाकाला आवर घालायची ही रीत आपल्या बायकांच्या हातात आधीपासून आहे.

उरलेला पाक वहिनींनी पाणी घालून विरघळवला आणि लिंबाच्या सरबताला बाजूला ठेवला. भांडंही निघालं.

(दृश्य : वाटीत उभे चिरलेले मणी. धाकट्याचा हात.)

एवढं ऐकून घ्या : पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा मणी देऊ नका, गोठलेला तर नाहीच, उभे चार भाग करा, कारण मणी घशात अडकतो. पाकाजवळ मुलं नकोत. मधुमेह असणाऱ्यांनी द्राक्षाची साखरही मोजायचीच, आणि खाऊन झाल्यावर दातांसाठी सगळ्यांनीच चूळ भरायची.

(दृश्य : झाकणाचे डबे, चिकटपट्टीवर हाताने लिहिलेली नावं : बीट, कोकम, गोकर्ण, आमचूर.)

गोठवलेले रंगीत मणी घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर छान राहतात. बाहेर काढले की पाच-दहा मिनिटांत संपवावेत. नंतर पाणी सुटतं आणि रंग ताटाला लागतो. पाकाची काडी मात्र त्याच दिवशी. नाशिकच्या कोरड्या हवेत ती तासभर कडक राहते. मुंबईत किंवा कोकणात केलीत तर पंख्याखाली ठेवू नका, लगेच खा, तिथली दमट हवा कवचाला चिकट करते.

एप्रिलमध्ये बागा रिकाम्या होतात. याच पावडरी पुढे कलिंगडाच्या फोडींना चालतात, फक्त फोडी आधी पंचावर अर्धा तास ठेवायच्या. अननसाला लिंबू नको, तो मुळातच आंबट. करवंदांना बिटाची पावडर बरी लागते, पण ती अर्धी चिरून, बी काढून. मृगानंतर जांभळं येतील तेव्हा रंग लावायची गरजच नाही; आमचूर आणि किंचित सैंधव, आणि थेट फ्रीझरमध्ये.