वाकून जायची बाल्कनी

नमस्कार श्रोतेहो.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि आता नाशिकच्या घराघरांत माळ्यावरचे डबे खाली उतरायला लागले आहेत. दिवाळीची आवराआवर. या दिवसांत भेटेल तो मला विचारतो, घर छान दिसायला यंदा काय आणू? माझं उत्तर ऐकून माणसं जरा हिरमुसतात. मी म्हणते, आणू नका. काढा. आधी काढा, मग मांडा.

रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही, म्हणून पुन्हा सांगते: आधी काढा, मग मांडा. हॉलमधल्या शोकेसमध्ये लग्नात आलेली घड्याळं, नातवाच्या ट्रॉफ्या, महाबळेश्वरची काठी आणि कधीच न वापरलेला टी-सेट दाटीवाटीनं उभे असतात. त्यातलं एकही नजरेत भरत नाही. सगळं खाली उतरवा, एक-दोन दिवस खोली रिकामी राहू द्या. मग एकच वस्तू परत ठेवा. गणपतीत पहिला मान कुणाचा हे जसं ठरलेलं असतं, तसं ते खोलीतही ठरलेलं असावं. एका खोलीत एक मानाची वस्तू, आणि तीही वापरातली. नुसती बघायची नको.

ती महागडी असायला हवी असं मुळीच नाही. आजीचं पितळी घंगाळ माळ्यावर उपडं पडलेलं असतं, ते काढा. चिंचेच्या कोळानं घासा, चिंचेतल्या आम्लानं काळा थर सुटतो. पण लगेच साध्या पाण्यानं धुऊन कोरडं पुसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी डाग हजर. घरात नसेल तर भांडी बाजारात एक चक्कर मारा, चमकणाऱ्या नव्या मालाला हात न लावता जुनं काही आहे का ते विचारा. घंगाळ दाराशी ठेवून त्यात पाणी भरा, झेंडूच्या पाकळ्या सोडा. मात्र पाणी रोज बदलायचं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि त्यातून डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पाहुण्यांच्या स्वागताला डास नकोत.

उजेडाचं थोडक्यात सांगते. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. 6500 म्हणजे निळसर पांढरा, 2700 किंवा 3000 म्हणजे पिवळसर. बसायच्या खोलीत पिवळसर लावा, ओट्यावर भाजी चिरायला पांढरा राहू द्या. आणि छताच्या मधोमध एकच दिवा लावण्यापेक्षा कोपऱ्यात दोन कमी ताकदीचे लावा, सावल्या पडू द्या. रंग-पडद्यांबद्दल मी काही बोलत नाही, ते तुमचं तुम्हाला कळतं.

भिंतीवर वारली चित्र हवं असेल तर कृपा करून स्टिकर चिकटवू नका. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक हे आपलेच तालुके, तिथे वारली माणसं राहतात. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढायची ही चित्रं. लग्नाच्या चौकात, म्हणजे लग्नासाठी काढायच्या चौकोनी चित्रात, मधोमध पालघट देवी असते आणि तो चौक सवाष्णी काढत आल्या. आणि विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे शहराबाहेर मिसळीची जी मोठमोठी ठिकाणं झाली आहेत, तिथं बैलगाडी, नांगर, कंदील असं सगळं मांडून ठेवतात. मिसळ खाईपर्यंत ठीक. पण ते बघून आलेली माणसं घरी हॉलच्या भिंतीला बैलगाडीचं चाक लावतात, याचं मला कोडंच आहे. तशी तिथल्या मिसळीबद्दलही माझी तक्रार आहे. काळ्या मसाल्याचा रस्सा असताना पनीर कशाला घालतात? असो. भरकटले.

तर, मानाची वस्तू आणि तीही वापरातली म्हणजे काय, हे मला माझ्या मोठ्या मावशीनं दाखवलं. ही गोष्ट मी संधी मिळाली की सांगतेच, घरचे आता उठून जातात. तुम्ही ऐका.

मावशीचा वाडा जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ. दगडी जोतं, सागवानी खांब, वर कडीपाट, आत चौक. वाटण्या झाल्या, वाडा बिल्डरकडे गेला आणि मावशी इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायची ठरली. वाडा उतरवण्याआधी कुणी काय न्यायचं याची बोलणी चौकात बसून चालली होती. कुणी तांब्याचा बंब मागितला, कुणी शिसवी कपाट, कुणी देवघराची महिरप. दोन जावांमध्ये पाट्या-वरवंट्यावरून अबोला झाला. मावशीनं सगळ्यावर पाणी सोडलं. हंडे नको, कपाट नको, झोपाळासुद्धा नको. शेवटी म्हणाली, "मला फक्त दिंडीची फळी द्या."

थोरल्या दरवाजाला दोन फळ्या. त्यातल्या एकीत ते छोटं दार, दिंडी. रात्री थोरला दरवाजा लावला की वाकून त्यातून जायचं-यायचं. आठ फूट उंच, चार फूट रुंद, दोन इंच जाड सागवान, वर लोखंडी गुलमेखा, म्हणजे मोठ्या डोक्याचे खिळे. वजन म्हणाल तर शंभर किलोच्या वरच. खालच्या अंगाला रंगपंचमीच्या रहाडीतून, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदातून, भिजून आलेल्या पोरांनी टेकून टेकून पाडलेले डाग. दुसरी फळी, बिनदिंडीची, मागून घेतली मावशीच्या धाकट्या दिरांनी. ते पुण्याचे.

टेम्पो इंदिरानगरात आला. लिफ्ट चार माणसांची, फळी काही तिच्यात मावणार नव्हती. हमालांनी जिन्यानं चढवायला घेतली. पहिला मजला झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्याच्या वळणावर गाडं अडलं. उभी धरली तर वळेना, आडवी केली तर कठड्याला लागे. हमालांनी वरून बघितलं, खालून बघितलं, बिडी पेटवून विचार केला. अख्ख्या बिल्डिंगनं सल्ले दिले. एक जण म्हणाले, मधून कापा. मावशीनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. अंधार पडायला लागला तेव्हा हमालांनी फळी दुसऱ्या मजल्यावरून वर जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी उभी केली, दोन्ही बाजूंनी पाचर मारली आणि "उद्या येतो मावशी" म्हणून निघून गेले.

जिना चार फुटांचा आणि फळीही चार फुटांची. वरच्या दोन मजल्यांचा रस्ताच बंद.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी कामावरून आले. राहायला चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नेमकी त्या संध्याकाळी बंद. समोर हा गुलमेखांचा दरवाजा. ओरडलेच, "आजी, हे काय आहे?"

मावशी पलीकडे वरच्या पायरीवर बसली होती. तिनं दिंडीची कडी काढली, आतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "दार आहे भाऊ. उघडंच आहे, या."

सेक्रेटरी वाकून आत आले. दुसरा इलाजच नव्हता.

दुसऱ्या दिवशी हमाल आलेच नाहीत. लग्नसराई, त्यांना दुसरं काम लागलं. फळी जिन्यातच राहिली आणि लोक दिंडीतून जायला-यायला लागले. पेपरवाला वरच्या मजल्यांचे पेपर कडीत खोचून ठेवायला लागला. शाळेतून येणारी पोरं मुद्दाम जिन्यानं येऊ लागली, लिफ्ट चालू असताना. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी रोज आपल्या दारात रांगोळी काढायच्या, त्यांनी चार ठिपके या दारापुढेही काढले. आणि शुक्रवारी बघतो तर दिंडीला आंब्याचं तोरण. कुणी लावलं ते आजतागायत कळलेलं नाही. सेक्रेटरींनी जिना अडवल्याची नोटीस लावली होती, तीही कुणीतरी त्याच फळीवर चिकटवली. त्यांचंही चुकलं नव्हतं हो, आग लागली असती तर जिना मोकळाच हवा होता.

शेवटी एक सुतार मिस्त्री आले. त्यांनी फळी परत खाली नेली, मावशीच्या बाल्कनीची जाळी काढली, गच्चीवर कप्पी बांधली, फळीला गोधड्या गुंडाळल्या आणि दोरानं बाहेरूनच वर ओढली. बिल्डिंग खाली उभी राहून मान वर करून बघत होती. फळी बाल्कनीत टेकली तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत सेक्रेटरी पुढे होते.

फळीवर ऑइलपेंटचे थर होते. मिस्त्रींनी ते कोरडे घासले नाहीत, ओले करून खरवडले, पोरांना लांब ठेवलं आणि कचरा पिशवीत भरून टाकला. जुन्या रंगात शिसं असतं. घरगुती रंगात दहा लाखांत 90 भागांची मर्यादा आपल्याकडे 2017 साली लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. मग नुसतं अळशीचं तेल लावलं, व्हार्निश नाही. तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका हं. सुकताना तो आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो. पसरून, उघड्यावर वाळवा.

ही फळी मावशीनं हॉल आणि बाल्कनीच्या मधल्या उघड्या भागात उभी केली. वर लिंटेलमध्ये लोखंडी पट्ट्या, खाली पट्ट्या, हलायचं नाव नाही. बाल्कनीत जायचं तर दिंडीतून वाकून जायचं. कपडे वाळत घालायला वाका, तुळशीला पाणी घालायला वाका, चहा घेऊन वाका. हॉलमध्ये बाकी काही नाही. एक सतरंजी, दोन खुर्च्या, एक दिवा. शोकेस नाही. येणारा प्रत्येक माणूस त्या दाराशी जातो, कडीला हात लावतो आणि वाकतो. सेक्रेटरी कोजागिरीला दूध प्यायला आले तेव्हा त्यांचं डोकं आपटलं, ते अजून सांगतात.

आणि पुण्याची फळी? दिरांनी तिला आरशासारखं पॉलिश केलं, सोफ्यामागच्या भिंतीला लावली, वर स्पॉटलाइट. फोटो छान येतात. पण तिला हात लावायचा नाही, डाग पडतात.

कळलं ना? एका खोलीत एक मानाची वस्तू, आणि ती वापरातली.

गोष्टीनं माझा बराच वेळ खाल्ला. बाहेरच्या जागेचं आता भराभर सांगते.

बाल्कनी सजवताना आधी ऊन बघा. पश्चिमेची बाल्कनी असेल तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात नाजूक झाडं करपतात. तिथे बोगनवेल, अडेनियम, कण्हेर लावा. बोगनवेलीला फार लाडावू नका, पाणी थोडं ताणलं की ती जास्त फुलते. पूर्वेच्या बाल्कनीत मोगरा, जाई-जुई, जास्वंद खुशाल लावा. गजाला वेल चढवायचा असेल तर मधुमालती, फुलं पांढरी उमलतात, मग गुलाबी, मग लाल, एकाच घोसात तिन्ही रंग. घरात, उजेड कमी तिथे मनीप्लांट आणि स्नेक प्लांट, पाणी बेतानं.

गुलाब मात्र नाशिककरानं लावलाच पाहिजे. मोगल काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत. गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन लागतं, एवढं असेल तरच लावा. आणि आता ऑक्टोबर आहे, हीच छाटणीची वेळ. इकडे दिंडोरी-निफाडला द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू असते, तेव्हाच आपण कात्री हातात घ्यायची. आता छाटलेला गुलाब साधारण 45 दिवसांनी, थंडीच्या सुरुवातीला फुलावर येतो. म्हणजे दिवाळीला फुलं मिळतील या आशेवर राहू नका. दिवाळीला झेंडू आहेच.

कुंड्यांत नुसती काळी माती भरू नका. ती ओली झाली की पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. पोयट्याची माती, शेणखत आणि कोकोपीट असं मिसळा, वजनही कमी होतं. फूटभर कुंडी ओल्या मातीसकट 25 ते 30 किलोची होते. दहा कुंड्या एकाच कडेला रांगेत लावण्याआधी हा हिशेब करा. मोठ्या कुंड्या भिंतीच्या बाजूला, हलक्या कठड्याकडे. टांगायच्या तर कठड्याच्या आतल्या बाजूनं, खालून माणसं जात असतात.

राहिला आकाशकंदील. तो बाहेर लटकतो, दव पडतं, एखादी परतीची सर येते. म्हणून वायरला मध्येच जोड देऊन टेप गुंडाळू नका, सलग वायर वापरा, होल्डर पाण्यापासून झाकलेला घ्या आणि कागदाच्या कंदिलात एलईडीच लावा, जुना तापणारा बल्ब नको. कंदील जिथे टांगाल तिथेच खाली बसायला एक चटई ठेवा, म्हणजे संध्याकाळी घरातलं कुणीतरी तिथं जाऊन बसेल.

नमस्कार.