आवृत्ती नवी, इन्स्टॉल फाइल जुनी

मंडळी, सुरुवात एका पत्त्यापासून करतो. '५९ टेम्पल प्लेस, सूट ३३०, बोस्टन.' मुक्त सॉफ्टवेअरचा टारबॉल, म्हणजे सगळ्या फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं, कधी उघडला असेल, तर हा पत्ता तुमच्या नजरेखालून गेला असेल. परवान्याची प्रत मिळाली नसेल तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला इथे लिहा, असं तिथे सांगितलेलं असतं. फाउंडेशननं ती जागा २००५ मध्ये सोडली. त्यानंतरचं फ्रँकलिन स्ट्रीटवरचं कार्यालयही २०२४ मध्ये बंद केलं. तरी टेम्पल प्लेसचा पत्ता घेऊन नव्या आवृत्त्या निघतच राहिल्या. इतक्या, की पॅकेजं तपासणाऱ्या आरपीएमलिंटमध्ये 'एफएसएफचा पत्ता चुकीचा' असा खास इशारा घालावा लागला.

पत्ता जुना राहिला तर फारसं कुणाचं अडत नाही. इन्स्टॉल फाइल, म्हणजे प्रोग्रॅम कसा बसवायचा त्या सूचनांची फाइल, जुनी राहिली की अडतं.

एका प्रकल्पाच्या आवृत्त्या काढायचं काम माझ्याकडे होतं. एक मुलगी नव्यानं आमच्यात आली होती. तिनं टारबॉल उतरवला, इन्स्टॉल फाइल उघडली आणि लिहिल्याबरहुकूम पहिली कमांड दिली: कॉन्फिगर. उत्तर आलं, अशी फाइल नाही. येणार कुठून? आम्ही जुनी कॉन्फिगरची पद्धत सोडून मेसन या प्रोग्रॅम बांधण्याच्या नव्या साधनावर जाऊन दोन वर्षं झाली होती. तिनं टारबॉल पुन्हा उतरवला, दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडून पाहिला, परवानग्या तपासल्या. सगळी दुपार त्यात गेली. संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, माझंच काहीतरी चुकतंय."

ते वाक्य मला अजून टोचतं. प्रोग्रॅम कोसळला तर माणूस प्रोग्रॅमला दोष देतो. सूचना चुकल्या की स्वतःला देतो. मग ज्यांनी मुकाट्यानं टारबॉल पुसून टाकला असेल, ते तर आपल्याला कधी कळतही नाहीत.

हे आळसानं होतं, असं मला वाटत नाही. कोड बदलला की कंपायलर ओरडतो, चाचण्या लाल होतात. इन्स्टॉल फाइलसाठी ओरडणारं कुणी नाही. प्रोग्रॅम बांधायची तयारी करून देणाऱ्या ऑटोमेकचंच बघा. न्यूज, रीडमी, ऑथर्स, चेंजलॉग या फाइली नसतील तर ते नेहमीच्या कडक पद्धतीत अडून बसतं. पण आत काय लिहिलंय ते बघत नाही. टच कमांडनं रिकाम्या फाइली केल्या तरी ते खूश. इन्स्टॉल नसेल तर सांगितल्यावर स्वतःच एक ठरावीक मजकुराची फाइल आणून ठेवतं. फाइल हजर, काम झालं.

आणि खरी फसगत तर पुढेच आहे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या रिपॉझिटरीत गिट लॉग पाहिला, तर रीडमीला शेवटचा हात कधी लागला ते दिसतं. पण गिट आर्काइव्हनं एखाद्या टॅगचा, म्हणजे आवृत्तीचं नाव दिलेल्या खुणेचा, टारबॉल काढला, की आतल्या प्रत्येक फाइलवर त्या कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) एकच वेळ पडते. कालचा कोड आणि नऊ वर्षांपूर्वीच्या सूचना, दोघांवर तीच तारीख! वाचणाऱ्यानं शंका घ्यायची तरी कशावरून? हा शिक्का आपण मारतो, म्हणून जबाबदारी आवृत्ती काढणाऱ्याची आहे, असं मी मानतो.

उपाय आहेत, आणि जुने आहेत. पायथनचं डॉकटेस्ट दस्तऐवजातली उदाहरणं चालवून उत्तर ताडून पाहतं. रस्टमध्ये कार्गो टेस्टही दस्तऐवजातली उदाहरणं चालवून पाहतं. हेल्प-टू-मॅन हे साधन मॅन पान, म्हणजे कमांडचं माहितीपान, थेट प्रोग्रॅमच्या हेल्पमधून तयार करतं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा लिहायला नको. जी फाइल तपासायची कुणाचीच तयारी नसेल ती सरळ काढून टाकावी. फाइल नसली तर माणूस विचारतो तरी.

आमची इन्स्टॉल फाइल शेवटी त्या मुलीनंच नव्यानं लिहिली. चार पानांच्या जागी सात ओळी. त्या सातही कमांड आता प्रत्येक आवृत्तीआधी कोऱ्या कंटेनरमध्ये (आधीचं काहीच नसलेल्या वेगळ्या वातावरणात), टारबॉल उघडून, लिहिल्या तशा चालवल्या जातात. एक जरी अडली, तरी त्या दिवशी टॅग पडत नाही.