20 चालेल, 75 चालेल, 50 नाही

श्रोतेहो, नमस्कार.

सोसायटीचा पुनर्विकास ठरला की बिल्डरचा माणूस नकाशांची गुंडाळी घेऊन येतो. टेबलावर ती पसरली की सगळ्यांची बोटं आधी आपापल्या फ्लॅटवर जातात. कार्पेट एरिया किती, गाडी कुठे लागणार, देवघर पूर्वेला आहे ना. त्याच गुंडाळीच्या तळाशी विजेचे नकाशे असतात. ते सहसा कुणी उलगडत नाही. माझी नोकरी मात्र तेच उलगडण्याची होती, म्हणून आज त्यांच्याविषयी.

विजेचा नकाशा तपासायचा म्हणजे लोडची आकडेमोड, असं पुष्कळांना वाटतं. मी पट्टी घेऊन आधी पॅनलच्या, म्हणजे इमारतीची वीज जिथून वाटली जाते त्या कपाटाच्या खोलीत शिरायचो, अर्थात कागदावरच. मुख्य पॅनलच्या पुढे किमान 1 मीटर जागा मोकळी हवी. आणि मागे? तिथे उघड्या जोडण्या असतील, तर मागची जागा एक तर 20 सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, नाहीतर 75 पेक्षा जास्त. 1956 च्या भारतीय वीज नियमांत हे होतं, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांतही ते तसंच आलं.

हाताखाली आलेला प्रत्येक नवा इंजिनिअर इथे अडायचा. "साहेब, 20 चालतं, मग 50 का नाही? 50 तर जास्तच झालं की!" मी त्याला उठवून कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत उभं करायचो. 20 सेंटिमीटरमध्ये माणूस शिरूच शकत नाही. 75 च्या पुढे तो शिरतो, वाकतो, पाना फिरवतो, आणि ठिणगी उडाली तर बाहेर पळतो. 50 मध्ये तो आडवा होऊन कसाबसा घुसतो. पाठ भिंतीला, छाती बसबारसमोर, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांसमोर, आणि वळायला जागा नाही. नियमात कारण लिहिलेलं नसतं, पण या आकड्यांत मला तो वायरमन उभा दिसतो. मागे 75 पेक्षा जास्त जागा ठेवली, तर तिथे टोकाकडून जाण्यायेण्याची वाटही लागते, 1.8 मीटर उंचीपर्यंत मोकळी. म्हणजे त्याला डोकं वर ठेवून पळता यावं.

दुसरा माणूस दिसतो तो 30 मिलिअँपिअर या आकड्यात. एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, तर सगळ्यांच्या घरी असते. पण ती वायरची राखणदार, तुमची नव्हे. 16 अँपिअरची एमसीबी म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. आपल्या दिवाणखान्यातला 9 वॉटचा एलईडी दिवा साधारण 40 मिलिअँपिअर ओढतो. तेवढा प्रवाह छातीतून काही क्षण गेला तरी जीव जाऊ शकतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तो लागतो आरसीसीबीला. जाणारा प्रवाह आणि परतणारा प्रवाह यांत फरक पडला की हा स्विच वीज तोडतो. माणसाच्या रक्षणासाठी ती 30 मिलिअँपिअरचीच हवी.

पण नकाशावर आरसीसीबीचं चिन्ह दिसलं म्हणून मी टिक करत नसे. न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी वायर, कुठून कुठे जातोय ते बघायचो. दोन आरसीसीबींच्या खालचे न्यूट्रल एकाच पट्टीवर आणले, की घरात काहीही बिघाड नसताना ती पडत राहते. घरातले वैतागतात, वायरमन येतो आणि सरळ बायपास करून जातो. पुढे कित्येक वर्षं डबा भिंतीवर आहे आणि आत संरक्षण नाही. कागदावरची ही चूक पेन्सिलीच्या एका रेघेत सुटली असती.

वायरच्या रकान्यात तर गमतीच असतात. दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि तिच्या डोक्यावर 32 अँपिअरची एमसीबी! एमसीबी पडायच्या आधी वायरच तापून वितळेल. बहुतेक वेळा कुणीतरी मागच्या कामाचा तक्ता तसाच चिकटवलेला असतो.

एका नर्सिंग होमचे नकाशे आठवतात. विजेचा नकाशा एकटा पाहिला तर निर्दोष होता. सवयीप्रमाणे मी तो खिडकीच्या काचेवर धरला आणि वरच्या मजल्याचा प्लंबिंगचा नकाशा त्यावर ठेवला. पॅनलच्या बरोबर डोक्यावर संडास. आर्किटेक्ट म्हणाले, संडास हलणार नाही. म्हटलं, मग पॅनल हलवा. तीन आठवडे वाद चालला. हललं पॅनलच.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागली आणि 10 बाळं गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासण्यांचे आदेश निघाले. त्या व्हायलाच हव्या होत्या. पण उभ्या इमारतीत तपासणाऱ्याला प्लास्टरच्या आतली वायर दिसत नाही. केबलच्या डक्टला, म्हणजे केबल वर नेणाऱ्या उभ्या पोकळीला, मजल्यामजल्यावर आगरोधक बूच बसवलंय का, हेही दार उघडून, बॅटरी मारून पाहावं लागतं. ते नसेल तर तो डक्ट धुराड्याचं काम करतो: खाली पेटलं की धूर थेट वर.

तर पुढच्या सभेत ती तळाची गुंडाळी मागून घ्या. इंजिनिअर नसलात तरी चालेल. अग्निशमन पंपाची केबल मुख्य पॅनलपासून स्वतंत्र निघाली आहे का, एवढं विचारा. आगीत इमारतीची वीज तोडली आणि त्याबरोबर पंपही बंद पडला, तर नळीतून पाणी कुठून येणार? इमारत 15 मीटरपेक्षा उंच असेल, तर विद्युत निरीक्षकांकडची कागदपत्रंही बघायला मागा. बिल्डर कपाळाला आठ्या घालेल. घालू दे.

आणि आज घरी एक करा. आरसीसीबीवर 'टी' अक्षराचं छोटं बटण असतं, ते दाबा. ती पडायला हवी. आमच्याकडे मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाबतो. नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरात मिक्सर चालू असतो, आणि आतून काय ऐकू येतं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

नमस्कार.