लोकर, घोडा आणि व्हेनिस

(दृश्य : पहाटेचा माळ, मेंढ्यांचा कळप)

नजर जाईल तिथवर माळ. कुंपण नाही, बांध नाही. हा मंगोलिया. महाराष्ट्राच्या पाचपट मोठा देश आणि माणसं जेमतेम पस्तीस लाख. त्यातली जवळपास निम्मी एकट्या राजधानीत, उलानबातर शहरात राहतात. उरलेला मुलूख घोड्यांचा, उंटांचा, गाई-याकांचा, मेंढ्यांचा आणि शेळ्यांचा.

(दृश्य : लोकर झोडपणं, जवळून)

हा आवाज नीट ऐका. कातरलेली लोकर अंथरून काठ्यांनी झोडपताहेत. धूळ झडते, गुंता सुटतो, लोकर कापसासारखी फुलते. मग एका जुन्या नमद्यावर, म्हणजे लोकर दाबून बनवलेल्या जाड कापडावर, तिचे थर पसरायचे. या जुन्या नमद्याला मंगोल लोक आई म्हणतात. तिच्या अंगावर जो नवा नमदा तयार होतो, ती तिची लेक.

थरांवर पाणी शिंपडायचं, सगळं दांड्याभोवती गुंडाळायचं, वरून चामडं लपेटून दोरानं करकचून आवळायचं. आणि घोडा जुंपायचा. तो ही वळकटी माळभर ओढत फिरतो. लोळता लोळता लोकरीचा तंतू तंतूत अडकत जातो. माग नाही, सूत नाही, एक टाका नाही. आपल्या कोल्हापूरकडचं जेन असंच, न विणता बनतं. तिथे घोड्याचं काम माणसाचे हातपाय करतात.

(दृश्य : जुनं चित्र, एका कोपऱ्यावरून कॅमेरा सरकतो)

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मंगोल चित्रकार बाल्दुगीन शरव यांनी ‘मंगोलियातला एक दिवस’ हे चित्र रंगवलं. ते उलानबातरच्या झानाबाझार संग्रहालयात आहे. त्यात लग्न आहे, मयत आहे, दूध काढणं आहे, आणि हा नमदाही आहे. बौद्ध पटचित्रांतून आलेली ही बारीक कुंचल्याची, सपाट रंगांची शैली पुढे ‘मंगोल झुराग’ म्हणून ओळखली गेली. १९३० च्या दशकात सोव्हिएत छायेतल्या कम्युनिस्ट राजवटीत मठ पाडले गेले, लामा मारले गेले. पुढे चित्रकार शिकायला गेले ते मॉस्को, प्राग, बुडापेस्टला. देवाणघेवाण होती, पण कुठल्या दिशेनं जायचं ते आधीच ठरलेलं. १९९० मध्ये लोकशाही आली तेव्हा कुठे बाकीच्या जगाची दारं उघडली.

(दृश्य : गेर उभा राहताना)

गेर म्हणजे भटक्या कुटुंबांचं गोल, तंबूसारखं घर. आधी दार, दक्षिणेला तोंड करून. मग खाना, म्हणजे भिंतीची लाकडी जाळी. दुमडली की उंटाच्या पाठीवर मावते, ताणली की गोल भिंत. मध्ये दोन खांब, त्यांवर तोनो, छताचं गोल चाक. त्यातून धूर बाहेर जातो, ऊन आत येतं. तोनोपासून भिंतीपर्यंत वासे. आणि या सगळ्यावर तोच नमदा. ही कारागिरी २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. खरं तर ती जपली आहे दर हंगामात घर मोडून पुन्हा उभारणाऱ्या कुटुंबांनी.

(दृश्य : कॅनव्हास, तपकिरी पोत, जवळून)

हा रंग ट्यूबमधला नाही. ही घोड्याची लीद आहे. ऋतू बदलतो, घोड्याचं खाणं बदलतं, तसा लिदीचा रंग बदलतो. १९७८ मध्ये ओवरखांगाय प्रांतात जन्मलेला एंखबोल्ड तोग्मिद्शीरेव लीद आणि नमदा घेऊन काम करतो. स्वतः बनवलेला एक छोटा गेर घेऊन तो देशोदेशी जातो, तिथे तो उभा करतो आणि आत जातो. त्याची कला ती हीच.

(दृश्य : व्हेनिस, कालव्यावरून)

व्हेनिसची बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं जागतिक कलाप्रदर्शन, १८९५ पासून भरते. मंगोलियाचं पहिलं राष्ट्रीय दालन तिथे उभं राहिलं २०१५ मध्ये. त्यासाठी झटल्या गानतुया बादमगारव आणि समकालीन कलेच्या पाठीशी उभी असलेली त्यांची संघटना. दालनाचं नाव होतं ‘दुसरं घर’. कलाकार दोनच. एक एंखबोल्ड. दुसरे उनेन एंख, जन्म उलानबातरचा, वास्तव्य जर्मनीत. त्यांच्या शिल्पांत तार आहे, घोड्याचे केस आहेत आणि नमदा आहे. एक घर सोबत घेऊन फिरणारा, दुसरा घरापासून लांब राहणारा. दोघांच्याही हातात तीच लोकर.

(दृश्य : झुराग शैलीतली चित्रं, एकामागून एक)

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या आशिया पॅसिफिक ट्रायएनिअल या कलाप्रदर्शनात मंगोल चित्रकार नोमिन बोल्ड, उरीनतुया दाग्वासंबू, बातारझोरिग बातजार्गल आणि गेरेलखू गानबोल्ड यांची चित्रं लागली. २०१७ मध्ये नोमिन आणि आरिउनतुग्स त्सेरेनपिल डॉक्युमेंटा या जर्मनीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनात होते. व्हेनिसला मंगोलिया २०१७, २०१९, २०२२ आणि २०२४ मध्येही गेला.

(दृश्य : उलानबातरच्या कडेची गेर वस्ती, हिवाळा, कोळशाचा धूर)

कडक हिवाळ्यात, ज्याला तिथे ‘झुड’ म्हणतात, जनावरं मरतात आणि माळावरची कुटुंबं शहराच्या कडेला येऊन राहतात.

(दृश्य : पुन्हा माळ, संध्याकाळ)

दोर सुटतो. चामडं उलगडतं. आईवरून लेक अलगद सोलून निघते, ओली, जड, अजून वाफाळणारी. दोन बायका तिचे चार कोपरे धरतात आणि उन्हाकडे चालू लागतात.