दोन मिलिमीटरचा तास

(दृश्य : पहाट. गच्चीवर वाऱ्याबरोबर वळणारं यंत्र.)

‘आज गवताचे पराग जास्त.’ परागांमुळे शिंका येणाऱ्यांना फोनमधल्या ॲपने सकाळी पाठवलेला हा निरोप वाचायला दोन सेकंद पुरतात. तो तयार कसा होतो, हे बघायला आम्ही गच्चीवर आलोय. कारण फोन स्वतः हवा हुंगत नाही. त्याच्यासाठी हुंगणारं नाक हे इथे आहे.

याला परागसापळा म्हणतात. मागचं पातं बघा. वारा जिकडून येईल तिकडे ते सापळ्याचं तोंड फिरवतं. तोंड म्हणजे १४ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद अशी फट. पंप तिच्यातून मिनिटाला १० लिटर हवा आत ओढतो. स्वस्थ बसलेला माणूस श्वासातून घेतो त्याहून थोडी जास्त.

(दृश्य : झाकण उघडतं. आतला ढोल.)

आत घड्याळासारखी चावी दिलेला ढोल आणि त्याच्यावर चिकट लेपाची पारदर्शक पट्टी. ढोल तासाला २ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक अख्खा दिवस ४८ मिलिमीटरमध्ये मावतो. पट्टीवर कण कुठे चिकटलाय त्यावरून तो पहाटे पाचला आला की भर दुपारी, हे सांगता येतं. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रातल्या जिम हर्स्ट यांनी १९५२ साली ही रचना मांडली. त्यांना पकडायचे होते पिकांवर रोग पसरवणारे बुरशीचे बीजाणू. शिंकणारी माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. तरी आजही अनेक ठिकाणी हेच यंत्र, जवळपास तसंच, चालू आहे.

(दृश्य : प्रयोगशाळा. पट्टी कापणारे हात. गुलाबी थेंब.)

पट्टीचे दिवसादिवसाचे तुकडे कापायचे, काचेवर ठेवायचे, वर गुलाबी रंगाचा थेंब. परागकण रंग पितात आणि धुळीतून उठून दिसतात.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकातून.)

हा गवताचा कण. गोल, आणि त्याला एकच छिद्र. हा पाइनचा, दोन्ही बाजूंना फुगे बांधल्यासारखा. मोजणारी व्यक्ती काच हळूहळू सरकवत जाते आणि बोटाने मोजणीयंत्र दाबत राहते. टक्. टक्. सगळी पट्टी मोजत नाहीत. ठरावीक रांगा मोजतात आणि त्यावरून गुणाकार. दिवसभरात आत आलेली हवा १४.४ घनमीटर. त्यावरून एका घनमीटरमागे किती कण, हा आकडा निघतो.

आता गंमत बघा. हा आकडा आजचा नसतोच, होऊन गेलेल्या दिवसाचा असतो. ‘आज’ आणि ‘उद्या’ सांगायला ॲप त्याच्यात वारा, पाऊस, तापमान आणि मागच्या वर्षांचा बहर मिसळतं. जिथे आसपास सापळाच नाही, तिथे नुसतं गणित उरतं. पण पडद्यावर दोन्हीकडे तोच ठिपका, तोच रंग. लेसर आणि कॅमेऱ्याने कण ओळखणारी स्वयंचलित यंत्रं आता आली आहेत, पण त्यांनाही कण ओळखायला शिकवावं लागतं. शिकवणार कोण? हीच टक् टक् करणारी माणसं.

(दृश्य : टेबलावर उघडलेला छोटा सेन्सर.)

धुराधुळीचं मोजमाप त्या मानाने झटपट होतं. पंखा हवा ओढतो, कणांवर लेसरचा उजेड पडतो आणि विखुरलेल्या उजेडावरून पीएम २.५चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, अंदाज बांधला जातो. दमट हवेत पाणी पिऊन फुगलेले कण, धुक्यातले थेंब, हेही यात धूळ म्हणून खपतात. त्यामुळे असा स्वस्त सेन्सर मोठ्या केंद्रातल्या यंत्राशी ताडून घ्यावा लागतो.

(दृश्य : दोन फोन शेजारी शेजारी.)

एकच हवा, दोन ॲप. पीएम २.५ची चोवीस तासांची सरासरी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम धरा. भारतीय मोजपट्टीवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक १००, शेरा ‘समाधानकारक’. अमेरिकी मोजपट्टीवर तीच हवा १५०च्या पुढे, शेरा ‘आरोग्यास अपायकारक’. दोन्ही ॲप खरंच बोलतायत! म्हणून कुठली पट्टी लावलीय ते सेटिंगमध्ये एकदा बघून घ्यावं. आणि या दोन्ही निर्देशांकांत पराग धरलेलेच नाहीत. रंग हिरवा असतानाही शिंका येऊ शकतात.

(दृश्य : वादळी ढग. मेलबर्नचा नकाशा.)

२१ नोव्हेंबर २०१६, मेलबर्न. वादळात गवताचे पराग फुटून त्यांचे बारीक तुकडे खोल फुफ्फुसात गेले, हजारो लोकांना दम्याचा त्रास झाला आणि दहा जण दगावले.

(दृश्य : फोनवर नोंद करणारा हात.)

त्याच देशातल्या टास्मानिया विद्यापीठाचं ‘एअररेटर’ ॲप लोकांकडूनच नोंदी घेतं. आज डोळे चुरचुरले, आज छाती भरली. नोंदी साठल्या की हा त्रास धुरामुळे की परागांमुळे, याचा माग लागतो. मग तशी हवा पुन्हा आली की इशारा. खिडक्या केव्हा लावायच्या, पळायला केव्हा जायचं, हे त्यावरून ठरवता येतं. औषध मात्र डॉक्टरांनी सांगितलेलंच घ्यायचं. हिरवा रंग दिसला म्हणून दम्याचा पंप (इनहेलर) बंद करायचा नाही.

(दृश्य : पुन्हा गच्ची. जुना ढोल बाहेर, नवा आत.)

आठवडा भरला. नवी पट्टी, नवा लेप. चावी दिली. झाकण लावलं. पात्याने वाऱ्याची दिशा पकडली.